पंडिता रमाबाई आणि त्यांची मंडळी

पंडिता रमाबाई सरस्वती यांचे देहावसान केडगाव मुक्कामी ५ एप्रिल १९२२ रोजी झाले, त्यास एक शतकाहून अधिक काळ लोटला आहे. ज्या शहरात त्यांचा प्रथम गौरव झाला, ज्या शहरात त्यांच्यावर टीकेचा वर्षाव झाला आणि ज्या शहरातून त्यांना अखेरीस आपले बिऱ्हाड हलवावे लागले, त्या पुण्यात त्यांचे नाव कोणास सांगावे लागेल असे नाही. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात त्यांचे स्थान निर्विवाद आहे. तथापि त्यांच्या चरित्राचा एक मोठा भाग आमच्या सुशिक्षित वर्गाने जणू बाजूस ठेवून दिला आहे. बाई ख्रिस्ती झाल्या एवढे म्हणून आम्ही तो विषय संपवितो, आणि त्यानंतरच्या एकोणचाळीस वर्षांत आपल्या नव्या धर्मबांधवांमध्ये राहून त्यांनी काय उभारले याची चौकशी करीत नाही. उलट ख्रिस्ती लेखकांनी त्याच भागाचे इतके भाविक वर्णन केले आहे की, त्यात प्रार्थना तेवढ्या दिसतात. हिशेब, वाद, श्रम आणि चुका दिसत नाहीत. आज आम्हांस त्याच भागाविषयी लिहावयाचे आहे.

आपल्या देशी ख्रिस्ती बंधूंच्या बोलण्यात चर्च या अर्थी ‘मंडळी’ हा सुंदर शब्द रूढ आहे. पेठेतल्या व्यापाऱ्यासही तो अगदी ओळखीचा; कारण भागीदारीच्या पेढीवर ‘अमुक आणि मंडळी’ अशी पाटी लावण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. भागीदारीत प्रत्येकाने काही भांडवल घालावे लागते, नफ्याबरोबर तोटाही वाटून घ्यावा लागतो, आणि मतभेद झाला म्हणून भर हंगामात कोणी दुकानास कुलूप लावीत नाही. धर्ममंडळीच्या बाबतीत मात्र पुष्कळांची समजूत अशी असते की, तेथे भांडवल दुसऱ्याने घालावे आणि आपण आठवड्यातून एकदा जाऊन बसावे. मिशनच्या पैशावर उभ्या राहिलेल्या मंडळ्यांत तर ही समजूत बळावण्यास फारसे कष्ट पडत नाहीत. रमाबाईंनी ती आपल्या परीने मोडून काढली. त्या हे कशाच्या बळावर करू शकल्या ते समजण्यास थोडे मागे जावे लागेल.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागातील गंगामूळच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान आणि तितकेच हट्टी. आपल्या पत्नीस त्यांनी संस्कृत शिकविले, आणि त्याबद्दल शास्त्रीमंडळींचा रोष झाला असता शास्त्राचेच आधार काढून आपला पक्ष राखला. अरण्यात आश्रम करून राहावे, विद्यार्थी पढवावे आणि येणाऱ्याजाणाऱ्या अतिथीस विन्मुख पाठवू नये, हा त्यांचा नेम होता. या नेमापायीच घर कर्जात बुडाले. पुढे सर्व कुटुंब पुराण सांगत तीर्थयात्रा करू लागले आणि जवळ जे काही उरले होते तेही दानधर्मात खर्ची पडले. १८७४ साली मद्रास इलाख्यात दुष्काळाने गाठले तेव्हा या दानशूर कुटुंबास मूठभर धान्य देणारा कोणी भेटला नाही. वडील गेले, लागलीच आई गेली, थोड्या महिन्यांनी थोरली बहीणही गेली. मागे राहिलेली रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास सहस्रावधी मैल अनवाणी चालत उत्तरेकडे गेली.

हा प्रसंग आम्ही मुद्दाम सांगतो. औदार्य म्हणजे काय, हे त्या मुलीने पोथीतून शिकण्यापूर्वी पोटाने शिकले होते. द्रव्य देणारा बाप तिने पाहिला होता, आणि त्या देण्यातून भुकेच्या वेळी उभे राहील असे एकही नाते निर्माण झाले नाही, हेही तिने पाहिले होते. पुढील आयुष्यात त्यांनी दानास जे निराळे वळण दिले, त्याचे मूळ आमच्या मते येथे आहे.

१८७८ साली भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली श्रीनिवास वारला. त्याच साली रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. गृहस्थ ब्राह्मण नव्हते. १८८१ च्या एप्रिलात कन्या मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीचे निधन झाले. तेविसाव्या वर्षी वैधव्य, मांडीवर तान्हे मूल आणि रक्ताचे जवळचे कोणी नाही, अशा स्थितीत त्या पुण्यास आल्या.

पुण्याने त्यांचे स्वागत चांगले केले हे कबूल केले पाहिजे. न्यायमूर्ती रानडे व त्यांच्या पत्नी यांनी आधार दिला. आर्य महिला समाज स्थापन झाला. हंटर साहेबांच्या शिक्षण कमिशनपुढे त्यांची साक्ष झाली. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक याच साली निघाले. परंतु याच शहरात दुसरीकडे त्यांची पावले वळू लागली होती. पंचहौद येथे वाँटेजच्या इंग्रज भगिनींचे काम चालत असे, तेथे त्या इंग्रजी व ख्रिस्ती शास्त्र शिकू लागल्या. काशीचे नीलकंठशास्त्री गोरे, जे बाप्तिस्म्यानंतर नेहेम्या गोरे या नावाने ओळखले गेले, त्यांच्या लेखनाचाही परिणाम झाला. वैद्यकी शिकण्याच्या हेतूने १८८३ साली त्या विलायतेस गेल्या. कानांच्या दोषामुळे तो बेत फसला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

त्यांच्या मनाने पहिली उचल कोठे खाल्ली, हे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे, आणि ते पाहण्यासारखे आहे. कोणा पाद्र्याच्या वादाने त्या हरल्या नव्हत्या. लंडनमधील फुलहॅम येथे वाँटेजच्या भगिनींनी चालविलेले एक घर त्यांनी पाहिले. समाजाने टाकून दिलेल्या, वाट चुकलेल्या बायकांस तेथे हातून काम करून पुन्हा उभे राहण्यास शिकविले जात होते. अशा बाईस पायाखाली तुडविणारे शास्त्र त्यांनी तोंडपाठ केले होते. तिला हात देऊन उठविणारा माणूस त्यांनी तोपर्यंत पाहिला नव्हता. सिद्धांताच्या शंका पुढे कित्येक वर्षे टिकल्या, पण त्या घरातील बायकांचे चेहरे पाहून जे मन बांधले गेले ते सुटले नाही. मंडळीत त्या सेवेच्या दाराने शिरल्या. पुढे त्यांची धर्मगुरूंशी जी भांडणे झाली, ती समजण्यास ही किल्ली उपयोगी पडते.

भांडणे थोडी झाली नाहीत. वाँटेजच्या भगिनींनी त्यांस आश्रय दिला, शिकविले, मायेने वागविले. आणि त्याबरोबरच आज्ञाधारकतेची अपेक्षाही केली. रमाबाईंची मान सहजी लवणारी नव्हती. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी शंका घेतल्या. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, आमच्या देशभगिनींस ती काय कळणार, असा त्यांचा प्रश्न होता. मांसाहार त्यांनी कधी स्वीकारला नाही. अंडे घातलेल्या पक्वान्नावरूनही तेथे पत्रव्यवहार झाला. चेल्टनहॅमच्या विद्यालयात असता त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावे की नाही, यावर हिंदुस्थानातील बिशपांचे मत मागविण्यात आले आणि ते प्रतिकूल पडले. तेव्हा, ज्या देशात मी भर सभेत पुरुषांपुढे बोलले तेथील लोकांचे नाव पुढे करून मला येथे कसे अडविता, या आशयाचा त्यांचा रोखठोक जबाब गेला.

आमच्यापैकी कित्येकांस येथे वाटेल की, ज्या मंडळीचे नियम पटत नाहीत ती सोडून जावे. किंवा राहावयाचे तर गप्प राहावे. रमाबाईंनी दोन्ही केले नाही. बाप्तिस्म्याने जोडलेले नाते त्यांनी तोडले नाही आणि आपली विवेकबुद्धी कोणा बिशपाच्या पायाशी गहाणही टाकली नाही. ज्या भगिनीशी त्यांचा सर्वांत तीव्र वाद झाला, तिच्याशीच त्यांचा पत्रव्यवहार पुढे वर्षानुवर्षे चालू राहिला. ऐक्य म्हणजे एकमत नव्हे, ही गोष्ट आपल्या सभासंस्थांत अद्यापि रुजलेली नाही. ठराव फेटाळला गेला की दुसरी संस्था काढावी, हा आमचा खाक्या.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाकरिता त्या अमेरिकेस गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ साली प्रसिद्ध झाले. बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षे मदत देण्याचे तिने कबूल केले. परस्परांच्या प्रार्थनामंदिरात पाऊल न टाकणाऱ्या निरनिराळ्या पंथांचे लोक या कामी एका टेबलाभोवती बसले. तिचे अध्यक्ष हेल हे युनिटेरियन होते. अट एवढीच की, निघणाऱ्या शाळेत धर्मोपदेशाची सक्ती असू नये.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई ही बालविधवा. हीच पुढे आनंदीबाई कर्वे झाली. १८९० च्या नोव्हेंबरात सदन पुण्यास आले. वाचकांनी त्या महिन्याकडे लक्ष द्यावे. अवघ्या काही आठवड्यांपूर्वी पंचहौदच्या मिशनमध्ये रानडे, टिळक आदी प्रतिष्ठित गृहस्थ चहास बसले होते. नावे वर्तमानपत्रात छापून आली, ग्रामण्य उठले, आणि शंकराचार्यांच्या दरबारापर्यंत प्रकरण गेले. एक पेला चहावरून जे शहर ढवळून निघत होते, त्यात ही ख्रिस्ती विधवा ब्राह्मणांच्या विधवा मुली घेऊन राहावयास आली.

सदनात हिंदू मुलींच्या सोवळ्याओवळ्याची व्यवस्था निराळी होती. त्यांनी आपली पूजाअर्चा करण्यास हरकत नव्हती. परंतु बाई आपली प्रार्थना आपल्या खोलीत दार उघडे ठेवून करीत, आणि काही मुली जाऊन बसू लागल्या. बोभाटा झाला. ‘केसरी’ने कडक टीका केली. १८९३ साली रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागार मंडळींनी आपला संबंध तोडला आणि वीसपंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या. या प्रकरणी आमचे मत विचाराल तर दोन्ही बाजूंस काही सत्य होते. पालकांनी मुली शिक्षणाकरिता ठेवल्या होत्या. ज्या बाईवर मुली आईप्रमाणे जीव लावतात, तिच्या उघड्या दाराचे आकर्षण सक्तीहून कमी नसते, हे सल्लागारांचे म्हणणे खोटे म्हणता येत नाही. उलटपक्षी, आपल्याच घरात आपण दार लावून देवाचे नाव घ्यावे, अशी अट रमाबाईंनी का पत्करावी? आणि ज्या विधवांस समाज तोपर्यंत अंधाऱ्या माजघरात ठेवीत आला होता, त्यांच्या आत्म्याची काळजी त्याला त्याच महिन्यात कशी सुचली, असाही प्रश्न कोणी विचारला तर उत्तर सोपे नाही. त्या शाळेचे बी मात्र फुकट गेले नाही. त्याच वर्षी गोदूबाईंचा अण्णासाहेब कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला, आणि १८९६ साली निघालेल्या कर्व्यांच्या अनाथ बालिकाश्रमामागे शारदासदनाचे उदाहरण होते. आनंदीबाई हिंदूच राहिल्या.

सुधारकांचा आधार सुटल्यावर रमाबाईंचे मन आपल्या धर्ममंडळीकडे अधिक वळले. त्याच सुमारास त्यांच्या अंतर्यामीही काही पालट झाला होता. आपण ख्रिस्ताचा धर्म स्वीकारला पण ख्रिस्त आपणांस भेटला नव्हता, असे त्यांस वाटू लागले होते, आणि १८९१ नंतर त्यांच्या श्रद्धेत पूर्वीचा वादविवाद कमी व समर्पण अधिक दिसते. व्यवहारबुद्धी मात्र जागी होती. अमेरिकेची मदत दहा वर्षांची. मुदत १८९८ साली संपणार. म्हणून पुण्याच्या पूर्वेस, दौंडच्या अलीकडे, केडगाव स्टेशनाजवळ त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली आणि तीत संत्री, लिंबू, आंबा इत्यादी फळझाडे लावली. हेतू असा की, झाडे फळास येतील तेव्हा त्या उत्पन्नावर सदनाचा काही भार निघावा. पुढे देवावर भरवसा ठेवून, कोणाकडे ठरीव वर्गणी न मागता, त्यांनी हजारोंचा संसार चालविला असे भाविकपणे सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. परंतु तोच हात विहिरी खोदवीत होता आणि आळी करवीत होता, हे सांगावयास लोक विसरतात.

फळे येण्यापूर्वी दुष्काळ आला. १८९६-९७ साली मध्यप्रांतात माणसे पाचोळ्यासारखी मरू लागली. बातमी ऐकताच रमाबाईंस १८७४ साल आठवले असले पाहिजे. हाती पुरेसा पैसा नसता त्या निघाल्या, आणि तेथील रस्त्यांवरून, धर्मशाळांतून व रिलीफ कॅम्पांतून सुमारे तीनशे मुली व बायका उचलून आणल्या. किती जणींची सुटका अन्नापेक्षा माणसांपासून करावी लागली, हे त्यांनी लिहिले आहे. ते येथे पुन्हा सांगवत नाही.

पुण्यात प्लेगचे दिवस होते. एवढा जमाव शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा केडगावच्या माळावर झोपड्या उभारून त्या मुलींस तेथे नेण्यात आले, आणि मुक्ती या नावाने ओळखल्या गेलेल्या वसाहतीस आरंभ झाला. याच प्लेगच्या धामधुमीत सदनाच्या एका मुलीस सरकारी व्यवस्थेत नेण्यात आले आणि तिचे जे झाले त्याने बाई संतापून उठल्या. १८९७ च्या मे महिन्यात मुंबईच्या एका ख्रिस्ती पत्रात त्यांनी प्लेग इस्पितळांतील बायकांच्या दुर्दशेविषयी उघड पत्र लिहिले. पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला. गव्हर्नर सँडहर्स्ट साहेबांनी आरोप नाकारले. राज्यकर्ते ख्रिस्ती आणि पत्र लिहिणारीही ख्रिस्ती. आपल्या धर्माच्या सरकारची लाज राखावी असा सल्ला देणारे त्या काळी कमी नसतील. बाईंच्या लेखी लाज राखावयाची होती ती त्या एका मुलीची. ज्या सुधारकांनी आणि ज्या राष्ट्रीय पक्षाने त्यांस परकी ठरविले होते, त्यांच्या तोंडचे गाऱ्हाणे याच बाईने निर्भयपणे मांडले.

आता मुक्तीतील व्यवस्थेकडे येऊ. शारदासदनात मुख्यत्वे उच्चवर्णीय मुली असत. दुष्काळाने आणलेल्या मुली सर्व जातींच्या होत्या. कित्येकींस आपली जात सांगण्याइतकेही भान नव्हते. त्यांचे केस जटा झालेले, अंगावर फोड, वृत्ती रानटी झालेली. भूक गेल्यावरही भाकरी लपवून ठेवण्याची सवय जाईना. त्यांचे करावे कोणी? पगारी नोकर ठेवण्यास पैसा नव्हता, आणि बहुधा असता तरी बाईंनी ते केले नसते. शारदासदनात आधी वाढलेल्या ज्या मुली स्वखुशीने ख्रिस्ती झाल्या होत्या, त्यांतील काहींनी हे काम पत्करले. ज्यांस काही वर्षांपूर्वी परजातीच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्याच हातांनी त्या कोणा कुणबिणीच्या, कोणा भिल्लिणीच्या मुलीचे डोके धुऊ लागल्या. एकेकीकडे मुलींचा एकेक गट सोपवावा. तिने त्यांची न्हाणीधुणी, आजारपण, अक्षरओळख सर्व पाहावे, असा क्रम पडला.

आमच्या दृष्टीने रमाबाईंच्या मंडळीचा खरा पाया येथे घातला गेला. मंदिराची कोनशिला नंतर, १८९९ साली, बसली. जिला काल कोणी उचलून आणले, तिने आज दुसरीस उचलावे, हा तेथील नेम. कृपा मिळालेली व्यक्ती जन्मभर याचक राहिली तर मिशनची वसाहत तयार होते, मंडळी तयार होत नाही. बाईंनी याचकांच्या हातीच वाढावयाची पळी दिली. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा पुन्हा शेकडो मुली आल्या आणि वसाहत दोन हजारांच्या घरात गेली. त्या वेळी पहिल्या दुष्काळातून वाचलेल्या मुली दुसऱ्या दुष्काळातील मुलींस भरवीत होत्या.

माळावर हळूहळू शेती, गाईगुरे, तेलाचा घाणा, विणकाम, धुलाई, छापखाना असे उद्योग उभे राहिले. फुलहॅमची आठवण राखून, समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांकरिता कृपासदन झाले. वृद्ध आणि पंगू बायकांस जागा मिळाली. अंध मुलींस ब्रेल पद्धतीने वाचन शिकविण्याचे काम मनोरमाबाईंनी अंगावर घेतले, आणि त्या मुली पुढे इतरांस वाचून दाखवू लागल्या. अंध बाई डोळसांस वाचून दाखविते, हा देखावा ज्यांनी पाहिला असेल त्यांस तेथील अर्थव्यवस्था निराळी समजावून देण्याची गरज पडली नसेल.

बाहेरून येणारा पाहुणा हमखास विचारी की, ही मंडळी कोणत्या पंथाची? बाप्तिस्म्याकरिता येणारे धर्मोपदेशक एका पंथाचे, मदतीस आलेल्या बायका दुसऱ्यातिसऱ्या पंथांच्या. मिनी अब्राम्स या अमेरिकन मेथडिस्ट बाई १८९८ पासून येथे होत्या. इतर कोणी इंग्लंडच्या, कोणी ऑस्ट्रेलियाच्या, कोणी युरोपातल्या. रमाबाईंनी मुक्तीवर कोणत्याही पंथाची मोहर उमटू दिली नाही. हिंदुस्थानात पाय ठेवताच एका नव्या ख्रिस्ती माणसाने इतके पंथ पाहिले की डोके गरगरून जावे, ही त्यांची जुनी तक्रार होती. जातिभेद सोडून आलेल्यांस पंथभेदाचे सोवळे कशाला, हा त्यामागचा भाव. याची किंमत त्यांस द्यावी लागली. कोणत्याच पंथाची नसलेली संस्था अडचणीच्या वेळी कोणत्याच पंथाची जबाबदारी नसते.

१९०५ सालच्या घटनांविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. त्या वर्षी जानेवारीत सुमारे सत्तर जणी रोज एकत्र जमून प्रार्थना करू लागल्या. जूनपर्यंत ही संख्या पाचशेंच्या वर गेली. आणि जूनअखेर मुलींमध्ये पश्चात्तापाची व भक्तीची अशी लाट उसळली की, शेकडो जणी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत, रडत, गात. टीकाकारांनी यास भावनेचा अतिरेक म्हटले; ख्रिस्ती लोकांतही पुष्कळांस हा गलबला आवडला नाही. आम्हांसही शांत उपासनेची गोडी अधिक आहे हे लपवीत नाही. परंतु परदेशी पद्धतीने बाकांवर बसून मोजून मापून प्रार्थना करावयास शिकविलेल्या समाजात, मराठी बायकांनी आपल्या रीतीने टाळ्या वाजवून देवास हाक मारली तर ती त्यांची हाक होती, हे रमाबाईंनी ओळखले आणि त्यांस आवरले नाही. त्या लाटेनंतर मुलींच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांत जाऊ लागल्या. लाट ओसरल्यावरही दळणकांडण, शाळा आणि आजाऱ्यांची सेवा पूर्ववत चालू राहिली. एवढे झाले म्हणून आम्ही तिला निव्वळ उन्माद म्हणत नाही.

दोष दाखवावयाचा तर हा दाखविता येईल की, एवढी मोठी वसाहत एका बाईच्या इच्छेवर फिरत होती. रमाबाईंच्या स्वभावात लहानपणापासून एक काठिण्य होते. दुष्काळाने व एकाकीपणाने ते वाढविले होते. जुन्या धर्माविषयी त्यांचे उत्तरायुष्यातील लेखन आम्हांस कित्येक ठिकाणी अन्यायाचे वाटते, आणि रानड्यांसारख्या स्नेह्यांनी दिलेल्या प्रेमाची आठवण त्यात पुरेशी दिसत नाही. मुलींस बाहेरच्या जगापासून फार जपले जाई, त्यामुळे काही जणींस बाहेर पडल्यावर ठेचा लागल्या असतील. ज्यांनी सर्वस्व दिले त्यांस दुसऱ्याने थोडे कमी दिलेले खपत नाही, हा मोठ्या माणसांचा नेहमीचा दोष.

आयुष्याची शेवटची सतराअठरा वर्षे त्यांनी एका कामात घातली, आणि आमच्या मते मंडळीवरील त्यांच्या प्रेमाची ती सर्वांत कठीण कसोटी होती. मराठी बायबल त्यापूर्वीही उपलब्ध होते. पण त्यातील संस्कृतप्रचुर भाषा आपल्या खेडवळ मुलींस कळत नाही, आणि त्यातील कित्येक शब्दांस वेदान्ताचा निराळाच वास येतो, असा त्यांचा आक्षेप होता. ज्या बाईस अवघे भागवत मुखोद्गत, जिला कलकत्त्याच्या पंडितांनी सरस्वती म्हटले, तिने पन्नाशीच्या सुमारास हिब्रू आणि ग्रीक शिकावयास घेतले. ते पांडित्य वाढविण्याकरिता नव्हे, तर पांडित्य टाकता यावे म्हणून. दुष्काळातून आणलेल्या मुलीस जो शब्द कळणार नाही तो गाळावा, हा नियम. कान जवळजवळ बंद झाले होते, प्रकृती ढासळत होती. मजकूर बाईंनी लिहावा. खिळे जुळविणे, छापणे, पुस्तके बांधणे हे सर्व मुक्तीच्या छापखान्यात बायकांनीच करावे. अक्षर न ओळखता आलेल्या मुली येथे मूळ हिब्रू व ग्रीक लिपीचे खिळेही हाताळू लागल्या होत्या.

विद्वानांनी या भाषांतराचा फारसा स्वीकार केला नाही. मंडळ्यांत जुनेच चालू राहिले. एका व्यक्तीने केलेले काम म्हणून त्यात काही उणिवाही आहेत. पण मंडळी हीच जिच्या डोळ्यांपुढे सतत होती, आणि मंडळी म्हणजे जिच्या लेखी मागच्या रांगेत जमिनीवर बसलेली, उशिरा वाचावयास शिकलेली बाई होती, तिच्या हातूनच असे काम व्हावयाचे.

१९२१ च्या जुलै महिन्यात मनोरमाबाई वारल्या. आईनंतर संस्थेचा भार ज्यांनी उचलावयाचा त्या चाळिसाव्या वर्षी आधी गेल्या. त्रेसष्ट वर्षांच्या, दुखण्याने थकलेल्या रमाबाईंनी त्यानंतरचे आठनऊ महिने भाषांतराची मुद्रिते तपासण्यात घालविले. शेवटची पाने पुरी होईपर्यंत आयुष्य मिळावे अशी प्रार्थना त्यांनी केली होती आणि पाने पुरी झाल्यावरच त्यांचा प्राण गेला, असे मुक्तीत सांगतात. त्यांचा देह केडगावच्या मातीत ठेवण्यात आला. वसाहत मोडली नाही. नाव तेच राहिले आणि निराधार स्त्रिया व मुली यांचा सांभाळ तेथे आजही चालतो. बाईंच्या मागे छापखान्यातील मुलींनी काम थांबविले नाही. उरलेले फर्मे छापून, शिवून, बांधून संपूर्ण मराठी बायबल १९२४ साली त्यांनी बाहेर काढले.